वाचकांचे प्रश्न : घड्याळाचे काटे आणि साडेपाच अंश

या खेपेच्या टपालात घड्याळाच्या काट्यांवरची पत्रे इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत, भिंतीवरच्या खऱ्या घड्याळांचे त्यानंतर.

प्रश्न : चार ते पाच या वेळात दोन्ही काटे एकमेकांवर कधी येतात, हे गणित मला जमूनच नाही राहिलं. नोट्समध्ये काटे एकत्र येण्याचं सूत्र वेगळं, काटकोनाचं वेगळं, समोरासमोरचं आणखी वेगळं. सगळी पाठ आहेत, पण पेपरमध्ये अधिक करायचं की वजा, तिथंच गाडी अडते.
— एक विद्यार्थिनी, सीताबर्डी

उत्तर : तिन्ही सूत्रे बाजूला ठेवा. दोनच गोष्टी लागतात : तास सुरू होताना काट्यांमध्ये किती अंतर आहे, आणि ते अंतर मिनिटाला कितीने बदलते.

मिनिटकाटा तासात पूर्ण फेरी मारतो, म्हणजे मिनिटाला ६ अंश. तासकाटा तासात एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर, म्हणजे ३० अंश जातो. मिनिटाला अर्धा अंश. दोघे एकाच दिशेने चालतात, म्हणून वेगांची वजाबाकी करायची : ६ − ०.५ = ५.५. मिनिटकाटा तासकाट्याला गाठेपर्यंत दर मिनिटाला ५.५ अंशांनी जवळ येतो आणि ओलांडल्यावर तेवढ्याच अंशांनी पुढे निघतो. सापेक्ष वेग तो हाच.

बरोबर चार वाजता मिनिटकाटा १२ वर आणि तासकाटा ४ वर असतो. मधे १२० अंश. हे अंतर शून्य व्हायला १२० ÷ ५.५ = २४०/११ = २१ पूर्णांक ९/११ मिनिटे लागतात. म्हणजे चार वाजून २१ मिनिटे ४९ सेकंद.

घाईत चार-वीस असे उत्तर का येते, तेही पाहा. चार-वीसला मिनिटकाटा ४ च्या आकड्यावर पोचतो खरा, पण तासकाटा तोवर तिथून १० अंश सरकलेला असतो. ते उरलेले १० अंश भरून काढायला १० ÷ ५.५, म्हणजे आणखी १ पूर्णांक ९/११ मिनिटे. बेरीज तीच येते. उत्तर पडताळायची ही सोपी वाट आहे.

आता काटकोन. मिनिटकाटा अजून मागे असताना ९० अंशांचे अंतर हवे असेल, तर त्याला १२० पैकी फक्त ३० अंश भरून काढायचे आहेत : ३० ÷ ५.५ = ५ पूर्णांक ५/११ मिनिटे. पुढे गेल्यावर ९० अंश हवे असतील, तर आधीचे १२० आणि वरचे ९० : २१० ÷ ५.५ = ३८ पूर्णांक २/११ मिनिटे. अधिक की वजा, याचा निकाल एवढ्यातच लागतो. मिनिटकाटा मागे असेल तर वजा, पुढे गेला असेल तर अधिक. चिन्ह पाठ करायचे नसते. कागदाच्या कोपऱ्यात छोटी तबकडी काढली की ते दिसते.

हातासरशी आणखी दोन गोष्टी. ५.५ ने भागणे म्हणजे २/११ ने गुणणे. दशांशात शिरू नका. पर्याय बहुतेक वेळा अकरांशातच दिलेले असतात आणि २१.८ लिहून बसल्यावर जवळजवळचे दोन पर्याय गोंधळात टाकतात. दुसरे म्हणजे, काही पुस्तके अंशांऐवजी तबकडीवरची ६० घरे मोजतात. त्या पद्धतीत मिनिटकाटा ६० मिनिटांत ५५ घरे जास्त चालतो, म्हणून २० घरांचे अंतर भरायला २० × १२/११ = २१ पूर्णांक ९/११ मिनिटे. उत्तर तेच. मात्र २० घरे घेऊन त्यांना ५.५ ने भागले की साडेतीन मिनिटांच्या आसपास काहीतरी येते. चुकीच्या उत्तरांमागे बऱ्याचदा ही खिचडीच असते. अंश धरले तर शेवटपर्यंत अंशच धरा.

प्रश्न : तासात दोनदा काटकोन होतो, तर २४ तासांत ४८ वेळा व्हायला हवा. उत्तरपत्रिकेत ४४ दिले आहे. छपाईची चूक आहे का?
— स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, महाल

उत्तर : चूक नाही, ४४ बरोबर आहे. ‘तासात दोनदा’ हे गृहीतकच दोन ठिकाणी कोसळते.

दोन ते तीन हा तास घ्या. दोन वाजता अंतर ६० अंश. पहिला काटकोन (६० + ९०) ÷ ५.५ = २७ पूर्णांक ३/११ मिनिटांनी. दुसरा, मिनिटकाटा २७० अंश पुढे गेल्यावर : ३३० ÷ ५.५ = ६०. म्हणजे दोन वाजून साठ मिनिटे, अर्थात ठीक तीन वाजता. तीन ते चार या तासाचा पहिला काटकोनही ठीक तीन वाजताच. दुसरा तीन वाजून ३२ पूर्णांक ८/११ मिनिटांनी. दोन्ही तास आपापले दोन काटकोन सांगतात, पण तीन वाजताचा दोघांनी मोजला. तशीच गत आठ-नऊ आणि नऊ-दहा या तासांची, ठीक नऊच्या ठोक्याला. बारा तासांत २४ मधून २ गेले, राहिले २२, दिवसाला ४४.

याहून थेट रस्ता असा : बारा तासांत मिनिटकाटा १२ फेऱ्या मारतो आणि तासकाटा १. म्हणजे तासकाट्याच्या तुलनेत ११ फेऱ्या. तुलनेतल्या प्रत्येक फेरीत काटे एकदा एकमेकांवर येतात, एकदा समोरासमोर येतात आणि दोनदा काटकोनात असतात. म्हणून बारा तासांत ११, ११ आणि २२. दर तासाची छाननी करायची गरजच उरत नाही. दोन भेटींमधले अंतरही इथूनच निघते : ७२० मिनिटे भागिले ११, म्हणजे ६५ पूर्णांक ५/११ मिनिटे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या एका प्रश्नात तो लागणार आहे.

परीक्षक नेमके कुठे पकडतात? ‘आठ ते दहा या वेळात किती वेळा काटकोन?’ असे विचारतात. उत्तर ४ नसून ३ : आठ वाजून २७ पूर्णांक ३/११ मिनिटे, ठीक नऊ, आणि नऊ वाजून ३२ पूर्णांक ८/११ मिनिटे. शब्दही नीट वाचा. ‘विरुद्ध दिशेला’ विचारले तर दिवसात २२ वेळा. ‘एका सरळ रेषेत’ विचारले तर एकमेकांवर आलेले २२ आणि समोरासमोरचे २२ मिळून ४४. आणि मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजताना बारा वाजताची भेट एकाच टोकाला धरायची. दोन्ही टोके धरली की २२ चे २३ होतात.

प्रश्न : दहा वाजून दहा मिनिटांनी कोन किती? आमच्याकडे २४५ अंश आला.
— सातवीतल्या मुलाचे वडील, प्रतापनगर

उत्तर : तासाला ३० ने आणि मिनिटांना ५.५ ने गुणून वजाबाकी केली : ३०० − ५५ = २४५. गणित बरोबर आहे, फक्त हा बाहेरच्या बाजूचा कोन झाला. १८० पेक्षा जास्त आले की ३६० मधून वजा करा : ११५ अंश. बारा वाजून काही मिनिटे असतील तेव्हा तासाच्या जागी १२ न धरता ० धरला की आकडे आटोपशीर राहतात. १२:४० ला ० − २२० म्हणजे २२० अंशांचा फरक, आतला कोन १४०.

प्रश्न : आरशात घड्याळ ८:२० दाखवते. खरी वेळ?
— वाचक, गोकुळपेठ

उत्तर : बारातून वजा करा. ३:४०. वजा करताना १२:०० ला ११:६० असे लिहिले की हातचा घ्यावा लागत नाही.

प्रश्न : ‘एका घड्याळाचे काटे दर ६४ मिनिटांनी एकत्र येतात, तर ते दिवसात किती पुढे जाते?’ यात ६४ मिनिटे कोणाची, त्या घड्याळाची की खरी?
— एक उमेदवार, नंदनवन

उत्तर : हा प्रश्न पडला म्हणजे निम्मे गणित सुटले. खरी मिनिटे धरायची. घड्याळ धावत पळो की रखडत चालो, त्याच्या स्वतःच्या तबकडीवर दोन भेटींत नेहमी ६५ पूर्णांक ५/११ मिनिटेच जातात, कारण दोन्ही काटे दातेरी चाकांनी एकमेकांना जखडलेले असतात. त्यामुळे ६४ हा आकडा बाहेरच्या, बिनचूक घड्याळाने मोजलेलाच असणार.

म्हणजे खऱ्या ६४ मिनिटांत हे घड्याळ ६५ पूर्णांक ५/११ मिनिटे दाखवते. १६/११ मिनिटे जास्त. दिवसात १४४० मिनिटे, म्हणून १६/११ × १४४०/६४ = ३६०/११ = ३२ पूर्णांक ८/११ मिनिटे पुढे. काटे दर ६६ मिनिटांनी भेटत असते तर घड्याळ मागे पडणारे ठरले असते : ६६ मिनिटांत ६/११ मिनिटे, दिवसात १४४०/१२१, म्हणजे बारा मिनिटांना जरासे कमी.

याच जातीची एक चूक फार सापडते, ती इथेच सांगून टाकतो. समजा घड्याळ दिवसाला १० मिनिटे पुढे जाते. सोमवारी सकाळी ८ वाजता बरोबर लावले. बुधवारी ते संध्याकाळचे ६ दाखवते, तर खरी वेळ काय? बरेच जण ५८ तास धरतात, दिवसाला १० च्या हिशेबाने २४ मिनिटे १० सेकंद काढतात आणि वजा करतात. पण हे ५८ तास त्या चुकीच्या घड्याळाचे आहेत, आणि दिवसाला १० मिनिटे हा दर खऱ्या दिवसाचा आहे. दोन्ही एकाच मापात आणा : घड्याळाची १४५० मिनिटे म्हणजे खरी १४४०, प्रमाण १४५ : १४४. मग ५८ × १४४/१४५ = ५७.६ तास, म्हणजे ५७ तास ३६ मिनिटे. खरी वेळ ५:३६. चुकीच्या रीतीने ५:३५:५० आले असते. फरक दहाच सेकंदांचा, म्हणूनच तो लपतो. घड्याळ जितके बिघडलेले आणि काळ जितका मोठा, तितका तो वाढत जातो.

मागे असलेले घड्याळ पुढे जाते तेव्हा मधे कधीतरी ते बरोबर असणारच. रविवारी सकाळी ७ ला ४ मिनिटे मागे, पुढच्या रविवारी दुपारी ३ ला ७ मिनिटे पुढे. एकूण १७६ तासांत ११ मिनिटे कमावली, म्हणजे १६ तासांना एक. पहिली ४ मिनिटे भरून निघायला ६४ तास लागले : मंगळवारी रात्री ११ वाजता ते बरोबर होते.

प्रश्न : आमच्याकडे जुने लंबकाचे घड्याळ आहे. हिवाळ्यात ठीक चालते, एप्रिल-मे लागला की मागे पडते. नागपूरच्या उन्हाचा दोष की घड्याळाचा?
— गृहिणी, धंतोली

उत्तर : उन्हाचा. लंबकाची दांडी धातूची असते, तापली की लांब होते, आणि लांब लंबक सावकाश झुलतो. पोलादी दांडी असेल तर तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडते. लंबक लांब असो की आखूड, हा हिशेब बदलत नाही. घरातल्या तापमानात हिवाळ्यापेक्षा २५ अंशांचा फरक पडला तर दिवसाला १३ सेकंद, महिन्याला साडेसहा मिनिटे. पितळी दांडी असेल तर फरक दीडपटीच्या पुढे जातो.

उपाय लंबकाच्या तळाशी आहे. गोळ्याखालची चाकी फिरवून गोळा वर घेतला की घड्याळ जलद होते, खाली सोडला की मंद. साधारण मीटरभर लंबक असेल तर १ मिलिमीटरला दिवसाला सुमारे ४३ सेकंद. पण २५ सेंटीमीटरच्या लंबकात तोच १ मिलिमीटर जवळजवळ तीन मिनिटे देतो. म्हणून छोट्या घड्याळात चाकी अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त एकदम फिरवू नका. फिरवताना दांडी दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर वरची पातळ पट्टी पिळवटते. फिरवल्यावर पूर्ण दिवस जाऊ द्या, मगच पुढचा निर्णय घ्या. आणि चाकीची मूळ जागा पेन्सिलीने टिपून ठेवा. पावसाळा सरल्यावर तिथे परत यायचे असते.

प्रश्न : भिंतीवरचे क्वार्ट्झ घड्याळ वेळ बरोबर दाखवते, पण तीन वाजता तासकाटा ३ च्या पुढे एक घर गेलेला असतो. मुलाला काट्यांची गणितं यावर दाखवायला गेलो तर एकही उत्तर जुळत नाही.
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, अजनी

उत्तर : एक घर म्हणजे ६ अंश, आणि तासकाट्याला ६ अंश चालायला १२ मिनिटे लागतात. तुमचा तासकाटा एकटाच १२ मिनिटे पुढे आहे. वेळ आपण मिनिटकाट्यावरून वाचतो म्हणून ती बरोबर वाटते. गणितात मात्र सुरुवातीच्या अंतरात ६ अंशांची भर पडते. चार वाजता १२० ऐवजी १२६. भेट १२६ ÷ ५.५ = २२ पूर्णांक १०/११ मिनिटांनी. खऱ्यापेक्षा एक मिनिट पाच सेकंद उशिरा.

दुरुस्तीआधी निदान करा. मागची चकरी फिरवून मिनिटकाटा प्रत्येक वेळी १२ वर आणा आणि ३, ६, ९, १२ या चारही वेळांना तासकाटा कुठे आहे ते बघा. चारही ठिकाणी सारखाच पुढे असेल तर काटा चुकीच्या जागी बसवला गेला आहे. पण ३ ला पुढे आणि ९ ला मागे असेल तर काटा नळीवर सैल आहे. उजव्या बाजूने उतरताना तो स्वतःच्या वजनाने पुढे लवंडतो, डाव्या बाजूने चढताना मागे राहतो. सैल काट्याची जागा कितीही नीट केली तरी आठवड्यात तो पुन्हा हलेल.

नुसती जागा चुकली असेल तर काम सोपे आहे. सेल काढा, काच काढा. सेकंदकाटा मधल्या पिनेवर दाबून बसवलेला असतो. तो नखांनी सरळ वर उचला, वाकडा ओढू नका. मिनिटकाट्यावर बारीक नट असेल तर तो सोडवा, नसेल तर हा काटाही सरळ वर निघतो. तासकाटा उचला. आता मिनिटकाटा नुसता टेकवून मागच्या चकरीने तो १२ वर आणा, आणि चकरी शेवटी पुढच्या दिशेनेच फिरवा. चाकांच्या दातांत थोडी मोकळीक असते, उलट फिरवून थांबलात तर तीच मोकळीक दोनतीन अंशांची चूक बनते. मिनिटकाटा उचलून तासकाटा नेमका एखाद्या आकड्यावर बसवा आणि अंगठ्याने सारखा दाबा. मग मिनिटकाटा परत १२ वर, आणि शेवटी सेकंदकाटा. तासकाटा सैल असेल तर त्याचे मधले छिद्र पकडीने अगदी हलके आवळून मग बसवा. गोंद लावू नका. तो नळीत उतरला की दोन्ही काटे एकमेकांना चिकटतात आणि यंत्र बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

सेल टाकण्यापूर्वी चकरीने बारा तास फिरवून बघा. काट्यांमध्ये फट राहिली पाहिजे. दुरुस्तीनंतर बंद पडलेल्या घड्याळात बहुधा सेकंदकाटा मिनिटकाट्याला घासत असतो, आणि तो नेमका भेटीच्या जागी अडतो.

प्रश्न : ‘एक माणूस चार ते पाचच्या दरम्यान घरून बर्डीवर गेला, पाच ते सहाच्या दरम्यान परतला, तेव्हा काट्यांनी जागांची नेमकी अदलाबदल केली होती. तो किती वेळ बाहेर होता?’ इथे ५.५ लावून उत्तर येत नाही.
— गणित शिक्षक, कामठी रोड

उत्तर : येणार नाही. इथे वेगांची बेरीज लागते, जरी काटे एकाच दिशेने चालत असले तरी.

निघताना मिनिटकाटा तासकाट्याच्या थोडा पुढे आहे. परततेवेळी तासकाटा ते थोडे अंतर चालून मिनिटकाट्याच्या जुन्या जागी पोचला. मिनिटकाटा उरलेले वर्तुळ चालून तासकाट्याच्या जुन्या जागी आला. दोघांची चाल मिळून बरोबर एक वर्तुळ, ३६० अंश. दोघे मिळून मिनिटाला ६.५ अंश चालतात, म्हणून ३६० ÷ ६.५ = ७२०/१३ = ५५ पूर्णांक ५/१३ मिनिटे. चार-पाचला निघून सहा-सातच्या दरम्यान परतला असता तर मिनिटकाट्याची एक फेरी वाढली असती : ७२० ÷ ६.५, म्हणजे ११० पूर्णांक १०/१३ मिनिटे.

निघण्याची वेळही विचारली तर आता ५.५ कडे परत या. त्या ७२०/१३ मिनिटांत तासकाटा ३६०/१३ अंश चालला, म्हणजे निघताना मिनिटकाटा एवढाच पुढे होता. चार वाजताचे १२० अंश आणि हे, बेरीज १९२०/१३, ५.५ ने भागून ३८४०/१४३ = २६ पूर्णांक १२२/१४३ मिनिटे. परतण्याची वेळ पाच वाजून २२ पूर्णांक ३४/१४३ मिनिटे. १४३ हा छेद दिसला की आपण वाटेवर आहोत असे समजावे, कारण तो ११ आणि १३ यांचा गुणाकार, वजाबाकीचा आणि बेरजेचा. वर्गात हे गणित अंकांनी सुरू करू नका. पुठ्ठ्याचे दोन काटे हाताने फिरवून वर्तुळ कसे भरते ते आधी दाखवा.

प्रश्न : भूगोलात १ अंश म्हणजे ४ मिनिटे, घड्याळात तासकाट्याचा १ अंश म्हणजे २ मिनिटे. आणि घड्याळावरून दक्षिण दिशा सापडते म्हणतात, ती आम्हाला मे महिन्यात ट्रेकला सापडली नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, रामदासपेठ

उत्तर : पृथ्वी २४ तासांत एकदा फिरते, तासकाटा १२ तासांत. म्हणून आकडा निम्मा. दिशेची युक्ती याच दुपटीवर उभी आहे : तासकाटा सूर्याकडे रोखायचा, तो आणि १२ यांच्यामधल्या लहान कोनाचा मध्य दक्षिणेकडे जातो. मध्य का, तर तासकाटा सूर्याच्या दुप्पट वेगाने फिरतो, म्हणून त्याचा अर्धाच कोन घ्यायचा.

नागपुरात एक दुरुस्ती हवी. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्ताची, नागपूर सुमारे ७९ अंश ५ मिनिटांवर. फरक ३ अंश २५ मिनिटे, गुणिले ४, म्हणजे १३ मिनिटे ४० सेकंद. आपल्याकडे सूर्य सरासरीने १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास माथ्यावरच्या रेषेत येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही वेळ बाराच्या दोनतीन मिनिटे आधी येते, फेब्रुवारीच्या मध्यात साडेबाराच्या जवळ जाते. म्हणून युक्ती करण्यापूर्वी घड्याळ मनातल्या मनात १४ मिनिटे मागे घ्या.

एवढे करूनही मेमध्ये ती फसेलच. सूर्य क्षितिजालगत सारख्या वेगाने सरकतो असे ही युक्ती मानते, आणि सूर्य जितका डोक्यावर तितके ते खोटे ठरते. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात सूर्य दुपारीही ४५ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून सकाळी ९ ते दुपारी साडेतीनच्या दरम्यान चूक पाचेक अंशांत राहते. एप्रिलच्या मध्यात सव्वादोनला हीच चूक ४० अंशांच्या वर जाते. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, तेव्हा दक्षिण म्हणून जी दाखवली जाईल ती दिशा उलटीही असू शकते. उन्हाळी ट्रेकला होकायंत्रच न्या.

प्रश्न : तिन्ही काटे एकत्र दिवसात किती वेळा येतात?
— आठवीतली विद्यार्थिनी, मानेवाडा

उत्तर : दोनदाच, दुपारी आणि रात्री बाराला. सेकंदकाटा टिकटिकत उड्या न मारता सलग फिरतो असे धरले आहे. तासकाटा आणि मिनिटकाटा बारा तासांत ज्या ११ जागी भेटतात, त्या वर्तुळाचे ११ सारखे भाग करतात. क ही भेटीची पाळी धरा. क-व्या भेटीची जागा १२ पासून क/११ फेरी. तोवर क × ७२०/११ मिनिटे गेलेली असतात. ७२० ला ११ ने भागून बाकी ५ उरते, म्हणून सेकंदकाटा ५क/११ फेरीवर, पूर्ण फेऱ्या सोडून. दोन्ही जागा एक व्हायच्या तर ४क ला ११ ने निःशेष भाग जायला हवा, आणि तो क = ११ लाच जातो, म्हणजे पुन्हा बारा वाजता.

मिनिटकाटा आणि सेकंदकाटा मात्र तासाला ५९ वेळा भेटतात, दर ६१ पूर्णांक १/५९ सेकंदांनी. आणि तबकडी २४ तासांची असेल, जिथे तासकाटा दिवसात एकच फेरी मारतो, तर त्याचा वेग मिनिटाला पाव अंश; सापेक्ष वेग ५.७५, दिवसात २३ भेटी, दोन भेटींमध्ये ६२ पूर्णांक १४/२३ मिनिटे. अशा तबकडीवर चार ते पाचमधली भेट कधी, ते काढून पाठव. चार वाजताचे अंतर तिथे १२० अंश नाही, हे सुरुवातीलाच पाहून घे.